मळईला नाही म्हणणारी यल्लव्वा

फार वर्षं झाली या गोष्टीला. महापुरात सगळं बोरवंड वाहून गेलं होतं. नवं गाव कुठं वसवायचं, तर पाटलांनी बोट दाखवलं नदीच्या वळणातल्या मळईवर, पुराच्या गाळानं झालेल्या जमिनीवर. जमीन सपाट, पाणी जवळ, पाया खणायला मऊ.

विहिरी खणणारी यल्लव्वा वडारीण तेवढी नको म्हणाली. त्या मळईत ती तीस हात खाली उतरली होती, आणि गाळ नि ओल्या वाळूशिवाय तिला काही लागलं नव्हतं. तिनं पाण्यानं भरलेली दोन ताटं ठेवली, एक मळईवर, एक वरच्या कातळावर, आणि दोन्हींजवळ सारखाच धोंडा टाकला. कातळावरचं पाणी हललं नि निवलं. मळईवरचं थरथरतच राहिलं.

पाटील हसले. मळईवर गावाची विहीर खण, असा तिला हुकूम झाला.

"खणणार न्हाई," ती म्हणाली. "उद्या धरणी हलली तर ही माती ते हलणं वाढवंल, आवरणार न्हाई."

तिला गावाबाहेर काढलं आणि गाव मळईवरच वसलं. ती उघड्या कातळावर गेली. तिथं तहानेनं मरेल, असं लोक बोलले. तिनं कातळातच विहीर फोडायला घेतली. सात वर्षं लागली. असं म्हणतात, शेवटच्या घावाला पाणी तिच्या कमरेपर्यंत उसळलं. अकरा घरं तिच्याजवळ वर आली.

मग एका दुपारी धरणीकंप झाला. धक्का दोन्हीकडं सारखाच होता. कातळावर उतरंडी कोसळल्या, भिंतींना चिरा गेल्या, पण घरं उभी राहिली. खाली मळई हेलकावू लागली. जमिनीतून वाळूपाण्याचे फवारे उडाले आणि घरं रुतून आडवी झाली.

यल्लव्वा दोर घेऊन खाली धावली. असं म्हणतात, तिचा पाय पडे तिथली माती घट्ट होई. तिनं बेचाळीस माणसं ओढून काढली. शेवटचे पाटील.

"चुकलं यल्लव्वा," ते म्हणाले. "आता पाया भक्कम घालू."

"पाया न्हाई पाटील, जागा बदला."

ते हो म्हणेपर्यंत तिनं त्यांचा हात सोडला नाही.

अजूनही बोरवंडात घर बांधताना घरातली सर्वांत वडील बाई पायाच्या खड्ड्यात उतरून बसते. कातळ लागेपर्यंत ती पहिला दगड ठेवू देत नाही. गवंडी खोळंबतात, मुहूर्त टळतात. मागं एकदा बाहेरची माणसं शाळेसाठी मळईवर फक्कीच्या रेघा मारून गेली, तर एकवीस बायका त्या रेघांत जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी साहेब आले. कोण बसलंय, म्हणून त्यांनी विचारलं.

बायकांनी एकच नाव सांगितलं, "यल्लव्वा."

शाळा कातळावर आहे.