न दुमडायचा कागद

पेशवाईच्या काळी एका गावात एक वृद्ध नक्षीकार राहत असे. देवळांच्या दारांवरची वेलबुट्टी तो आधी कागदावर रेखी आणि सुतार त्यावरून लाकूड कोरीत. त्याच्या कामाची रीत अशी, की वेल अर्धीच काढायची, कागद मधोमध दुमडायचा आणि रेषेरेषेवर सुई टोचायची. कागद उलगडला की दुसरी बाजू हुबेहूब तयार.

त्याचा एक शिष्य होता. बारा वर्षे शिकूनही गुरूने त्याला एकही दार स्वतंत्रपणे दिले नव्हते. अलीकडे तर म्हातारा पाठ फिरवून काम करी आणि शिष्य आत आला की कागदावर पंचा टाकी. गावातला लाकडाचा व्यापारी शिष्याला म्हणाला, "विद्येचं मर्म झाकून ठेवतोय तो. तुला जन्मभर सुयाच टोचायला लावणार बघ." शिष्याला ते पटले. मग काय, गुरू नुसता खोकला तरी त्याला त्यात कावा दिसू लागला.

एके सकाळी गुरूने अर्धी वेल काढलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. "नव्या देवळाच्या महाद्वाराची आहे. उद्या सुतार येतील. मात्र हा कागद दुमडू नकोस. उरलेली अर्धी तुझ्या हाताने काढ."

शिष्य चमकला. असे याआधी कधीच घडले नव्हते. माझी बाजू वाकडी येणार, मग चारचौघांत हसे करून मला हाकलणार, हाच याचा डाव! त्याने रेषा न्याहाळल्याही नाहीत. गुपचूप कागद दुमडला, सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी सुतारांपुढे उलगडला.

डावीकडे तीन ठिकाणी रेषा थरथरली होती. उजवीकडेही नेमकी तिथेच. "हे दाराला चालायचं नाही," एवढे बोलून सुतार दुसऱ्या नक्षीकाराकडे निघून गेले.

गुरूने थरथरलेल्या रेषेवर बोट ठेवले. मग म्हणाला, "माझा हात कापतो रे. वर्ष झालं. लाज वाटायची, म्हणून झाकत होतो. तुझी बाजू स्वच्छ आली असती, तर तीच दुमडून माझ्या बाजूला उमटवली असती आणि सुतारांना सांगितलं असतं, हे दार याचं. पण तू माझी एवढीशी बाजू पाहिलीस आणि उरलेला माणूस मनातल्या मनात दुमडून काढलास. वेलीला ही रीत चालते. माणसाची दुसरी बाजू त्याला विचारावी लागते."

शिष्याने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ते खरोखरच कापत होते. वर्षभर शेजारी बसून हे आपल्याला दिसले नाही, याचे त्याला दार गेल्यापेक्षा अधिक वाईट वाटले.