दात पडलेल्या उंदरीची मटकी

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत उंदरी होती की चिचुंद्री, मला आता नक्की आठवत नाही. आपण उंदरी म्हणू या. चुकत असेन तर सांभाळून घ्या.

तर एक होती उंदरी. इवलीशी. द्वारकामावशीच्या घरात डब्यांच्या मागे एकटीच राहायची. एकदा ती मटकी खायला गेली.

कट्ट!

दातच पडला.

मटकी कडक. पोट रिकामं.

"मटकी मटकी, मऊ हो!"

"पाण्यात भिजल्याशिवाय मी मऊ होत नाही."

उंदरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. माठाकडे गेली.

"माठा माठा, पाणी दे! माठ पाणी देत नाही, मटकी मऊ होत नाही. मी उपाशी!"

"ओगराळं बुडाल्याशिवाय मी पाणी देत नाही. दूध पी की, जा!"

"दूध वासराचं. मटकी माझी."

तुरुतुरु, तुरुतुरु. ओगराळ्याकडे गेली.

"ओगराळ्या ओगराळ्या, माठात बुड! ओगराळं बुडत नाही, माठ पाणी देत नाही, मटकी मऊ होत नाही. मी उपाशी!"

"मावशी उठल्याशिवाय मी हलत नाही. अंडं खा की, जा!"

"अंडं कोंबडीचं. मटकी माझी."

तुरुतुरु, तुरुतुरु. द्वारकामावशीकडे गेली. मावशी भिंतीला टेकून बसली होती. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

"मावशी मावशी, ऊठ ना! मावशी उठत नाही, ओगराळं बुडत नाही, माठ पाणी देत नाही, मटकी मऊ होत नाही. मी उपाशी!"

"एकटीसाठी कोण रांधतं, बाई? जेवायला कुणी सोबत आलं, तर उठेन."

उंदरी दाराशी गेली. कुणी नाही. खिडकीशी गेली. कुणी नाही. हळूहळू परत आली.

"मावशी, मी बसू सोबत?"

"तू? बोटाएवढी तर आहेस! दातसुद्धा नाही तुला!"

"भूक आहे."

मावशी हसली. बोळकं दिसलं. "मला तरी कुठं आहेत गं दात?"

मग मावशी उठली. ओगराळं माठात बुडालं, बुडुक! माठानं पाणी दिलं, खळखळ! मटकी भिजली, टम्म फुगली. फडक्यात निजली. उठली तर काय, मोड!

"मावशी, मटकीला शेपट्या!"

उसळ शिजली, रटरट रटरट. मटकी मऊ मऊ. एक पान मोठं. एक पान बटणाएवढं.

मचमच, मचमच.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी स्वतः मटकी भिजवून पाहिली. घरात मी एकटाच होतो. एवढं मात्र नक्की: मूठभर मटकीला मोड आले, की ती एकाला फार होते. दोघांना बरोबर पुरते.