ठकूआई आणि राहून गेलेली गाठ

घाटात अजून गाडीवाट झाली नव्हती आणि उंबरजळ गावात उण्यापुऱ्या चाळीस चुली पेटत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. गावाला ठकूआई नावाची सुईण होती. तिचं खोपट वेशीबाहेर. एरवी तिची सावली अंगणात पडली तरी पाणी शिंपडणारी माणसं, घरात बाई अडली की तिच्याच दाराशी अनवाणी धावत यायची. अडल्यावर बरी सापडायची त्यांना वेशीबाहेरची वाट! ठकूआईनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. तिच्या हातावर जन्मलेली सगळी माणसं एका दिवशी जेवायला बसली असती तर पंगत पार नदीपर्यंत गेली असती, असं म्हणतात.

तिची एक रीत होती. बाळंतिणीच्या घरात एकही गाठ बांधलेली ठेवायची नाही. बाईचे केस मोकळे, चोळीची गाठ मोकळी, डब्यांची झाकणं काढलेली, कणगीचं तोंड उघडं, दावणीची गुरं सोडलेली. दुसऱ्या सुइणी आढ्याला दोर बांधून तो बाईला धरायला देत. ठकूआई तोही बांधू देत नसे. ती आपले खांदे द्यायची. "घरच बांधलेलं असलं, तर बाय मोकळी व्हायची कशी?" एवढंच म्हणायची.

त्या गावात केरबाची बायको हौसा पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही साऱ्या मुलखाची चाल. पण हौसा तीन वर्षांची असतानाच तिची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली होती, आणि पोटातलं मूलही गेलं होतं. हौसाला वाढवणारी आजीही पुढे राहिली नाही. माहेरी आता कुणाकडे जायचं? हौसा सासरीच राहिली. दिवस भरत आले तसं तिचं बोलणं कमी होत गेलं. आई ज्या वाटेनं गेली आणि परतली नाही, त्याच वाटेनं आपल्याला जायचंय, हे तिच्या मनातून हलत नसे.

ज्वारी हुरड्याला आलेली. एका सकाळी भाकरी थापता थापता हौसाच्या कमरेतून कळ निघाली. ठकूआई आली. पहिल्या दिवशी कळ यायची आणि ओसरायची, तेव्हा हौसाला वाटलं, एवढंच असेल तर सोसेन मी. दुसऱ्या दिवशी मात्र दोन कळांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरली नाही. कंबर कुणीतरी दोन्हीकडून ओढतंय असं व्हायचं. ती ओरडायची, आणि तो आवाज आपलाच आहे हे तिला ओळखू यायचं नाही. बाळ मात्र जागचं हलेना.

ठकूआईनं ओसरीवर येऊन केरबाला सांगितलं, "घरातल्या गाठी सुटल्या. आता गावातल्या सोडाया सांग."

केरबा धावला. आणि उंबरजळनं त्या दिवशी जे केलं ते कुठल्याच गावानं केलं नसेल. चाळीस घरांची दारं उघडली. मोटेचा नाडा सुटला, ढोलाच्या दोऱ्या ढिल्या झाल्या, देवळाचं तोरण उतरलं. पाटलानं आपलं पागोटं सोडून मांडीवर घेतलं आणि तो बोडक्या डोक्यानं पारावर बसून राहिला. गुरं सुटली ती केरबाच्या घराभोवती येऊन उभी राहिली. समोर हुरड्याचं रान डोलत होतं, पण एकाही बैलानं कणसाला तोंड लावलं नाही, असं म्हणतात.

तरी बाळ येईना. हौसाचे ओठ पांढरे पडायला लागले. सासू कोपऱ्यात देवाचं नाव घेत होती आणि मधेच विसरत होती.

ठकूआईनं हौसाच्या उजव्या हाताकडे बघितलं. कालपासून ती मूठ एकदाही उघडली नव्हती.

"पोरी, मुठीत काय हाय?"

हौसानं मूठ छातीशी धरली. "न्हाई द्येणार. माझ्या आईचं हाय."

मुठीत जुन्या लुगड्याच्या पदराचा तुकडा होता, आणि त्याला घट्ट गाठ मारलेली होती. आईला न्यायच्या आधी आजीनं तो पदर कापून ठेवला होता. आईच्या हातची शेवटची गाठ. हौसाला आईचा चेहरा आठवत नव्हता. ही गाठ तेवढी होती. लग्न झालं, घर बदललं, तरी तिनं ती कधी सोडून बघितली नव्हती. सोडली की आईच्या बोटांचं काय उरणार होतं?

कळ ओसरली तशी मूठ जरा ढिली पडली, ठकूआईला ती गाठ दिसली आणि तिला रडू फुटलं. उभ्या गावानं तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी हौसाच्या सासूनं पाहिलं.

"ही गाठ मी वळखते," ती म्हणाली. "तुझ्या माहेरच्या गावानं मलाच बोलावलं हुतं. तुझ्या आईपाशी मीच हुते, हौसा. तू उंबऱ्यात बसून भुकेनं रडत हुतीस. तिनं कळा सोसत सोसत गुळाचा खडा मागितला, पदराला बांधला. म्हणाली, रडून रडून झोपली पोर, उठली की दीन. मी म्हनलं, गाठ नगं. ती म्हणाली, येवढी एक ऱ्हाऊ द्या. मला न्हाई म्हनवलं न्हाई. ती रक्तानं ग्येली का या गाठीनं, देवाला ठाव. पण ऱ्हाऊ मी दिली."

 हौसाला संताप आला. ही म्हातारी, हिच्याच हातात आई गेली, आणि हिच्याच खांद्याला आपण दोन दिवस धरून आहोत! तिनं तोंड फिरवलं. एक कळ आली आणि गेली. मग तिला तो उंबरा दिसल्यासारखा झाला, आणि स्वतः मरणाच्या दारात असताना उपाशी पोरीसाठी गूळ बांधणारी बोटं दिसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आई आपल्याला टाकून गेली. आईनं तर तिच्यासाठी खाऊ ठेवला होता.

"मी सोडते," ती म्हणाली. "तुमी हात लावू नगा."

गाठ वाळून दगड झाली होती. नखं लागेनात. पुढची कळ आली तेव्हा हौसानं आईला हाक मारली, आणि बोटं नुसती टेकलेली असताना गाठ आपोआप सैल पडली, असं म्हणतात. आत गुळाचा खडा होता. सोळा वर्षांत त्याला मुंगी लागली नव्हती. कालच काहिलीतून उतरवल्यासारखा पिवळाधमक. ठकूआईनं तो उचलून हौसाच्या जिभेवर ठेवला. वेशीबाहेरचा हात सुनेच्या तोंडाला लागला, आणि सासूनं शब्द काढला नाही.

"खा, बाय. तुझाच हाय त्यो."

हौसानं गूळ गिळला, ठकूआईच्या खांद्यांत बोटं रुतवली, आणि सगळा जीव एकवटून जोर केला. दुपार कलायच्या आत तिच्या मांडीवर लेक होती. बाहेर गुरांच्या गळ्यातल्या घंटा एकदम वाजल्या.

ठकूआई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. ती गेली तेव्हा तिच्या तिरडीला दोर बांधायला कुणाचा हात धजेना. म्हणून उंबरजळच्या माणसांनी, तिनंच जगात आणलेल्या माणसांनी, तिला नुसत्या हातांवर उचलून नेलं. जात विचारायला त्या दिवशी कुणी मागे थांबलं नाही, असं म्हणतात.

आता घाटात डांबरी सडक आहे आणि बाया तालुक्याच्या दवाखान्यात जातात. तरी गावातून बाळंतपणाची गाडी निघाली की घरोघरची दारं उघडतात, गुरं सोडली जातात, आणि ती कुणाच्या पिकात गेली तरी कुणी काठी उगारत नाही. मूल झालं की पेढे नंतर. आधी गुळाचा एक खडा, ठकूआईचं नाव घेऊन. तो बाळाच्या बापाला नाही, आजीला नाही, देवालाही नाही. तो बाळंतिणीच्या जिभेवर ठेवायचा आणि म्हणायचं, "खा, बाय. तुझाच हाय त्यो."

यातलं बाकी सगळं असं म्हणतात. एवढं मात्र आम्ही दरवेळी आमच्या डोळ्यांनी बघतो.