शोकसभेला पोचलेले बुवा

सांगायला बसवता आणि पहिल्याच वाक्याला चहा आणायला उठता. बसा गुमान.

“मग संन्यास देता की नाही, बुवा?” भास्करराव ढमढेरे विचारत होते.

केदारगिरी बुवा गावाबाहेरच्या मठात चूल फुंकत होते. नव्वदी उलटलेली. मान वर न करता म्हणाले, “कशाला हवाय?”

“गावात तोंड दाखवायची सोय नाही राहिली. पेपरात ती श्रद्धांजली...”

झालं होतं असं. हणमंत कासाराच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स दिसली, आणि भास्कररावांनी गावच्या साप्ताहिकात घाईघाईनं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ छापून आणली. हणमंतापेक्षा स्वतःचा फोटो मोठा. हणमंत मूळव्याधीचं ऑपरेशन करून चालत घरी आला.

तेव्हापासून हॉटेलात शिरलं की कोणीतरी विचारायचंच. “भास्करराव, आम्ही जिवंत आहोत ना? तुम्ही म्हणाल तसं घरी कळवतो.”

“आणि हणमंत काय म्हणतो?” बुवांनी विचारलं.

“तो गप्प आहे. बायको रडते त्याची. अपशकुन केला म्हणते.”

बुवा उठले. फळीवरचा पिठाचा डबा सरकवला. खाली अंथरलेला पेपर ओढून काढला. पिवळा पडलेला, तेलकट.

“वाच.”

भास्कररावांनी चष्मा पुसला. ‘केदारगिरी बुवा गिरनारच्या वाटेवर निवर्तले. गावावर शोककळा. रविवारी शोकसभा. अध्यक्ष : गणपतराव ढमढेरे.’ वर फोटोही गणपतरावांचाच.

“हे... आमचे आजोबा!”

“तुझेच.”

“पण तुम्ही तर...”

“पोचलो ना मी. ऐन सभेत. पोरं म्हणाली, मागं बसा, अध्यक्षांचं भाषण संपू द्या.”

भास्करराव हसले. किती दिवसांनी हसले.

“गाव लई हसलं असेल, बुवा?”

“आठवडाभर. मग पाटलाची म्हैस मारुतीच्या देवळात शिरून अडकली. सगळे तिकडं पळाले. पुढच्या अंकात म्हशीचा फोटो. तुझ्या आज्याच्या जागेवर.”

“म्हणजे गाव विसरतं!”

“विसरतं.”

“सुटलो! मग राहू द्या तो संन्यास. कासार आळी तेवढी टाळली की झालं.” भास्करराव चपला शोधायला लागले.

बुवांनी पेपर पुन्हा फळीवर अंथरला. सुरकुती हातानं सारखी केली. वर डबा ठेवला...

“एक जण अजून माझी माफी मागायचा राहिलाय,” चुलीकडं वळत ते म्हणाले. “गणपतराव ढमढेरे.”