चुड्याची हमी

फार फार पूर्वीची गोष्ट. त्या काळी डोंगराच्या अलीकडे एक मुलूख होता, पलीकडे एक, आणि दोघांना जोडणारी वाट एकच होती. पावसाळ्यात ती ओढ्यांखाली जायची, उन्हाळ्यात तिच्यावर प्यायला पाणी मिळायचं नाही. म्हणून माणसं थंडीच्या दिवसांत, बैलांच्या तांड्याबरोबर निघायची. तांडा थंडीत दोनदा जायचा आणि दोनदा यायचा. तेवढ्यात गेला तो गेला, राहिला तो वर्षभर राहिला.

अलीकडच्या मुलखात एक कासारीण होती. बांगड्या विकायची आणि भरायची. विकणं काय, कुणालाही जमतं. भरणं जमायला हात लागतो. समोरच्या पोरीचा पंजा हातात घ्यायचा, अंगठा आत दाबायचा, घरच्यांची चौकशी करत तिला बोलण्यात गुंतवायचं. बांगडी मनगटावर कधी जाऊन बसली ते पोरीला कळायचंसुद्धा नाही. गावातल्या एकूण एक मनगटाचं माप कासारणीच्या बोटांना पाठ होतं.

एकाच मनगटाचं माप तिला ठाऊक नव्हतं. ते तिच्या लेकीचं होतं.

वेणू तिची एकुलती एक. डोंगरापलीकडं दिली तेव्हा अगदी पोरसवदा होती. पुढच्या थंडीत येते म्हणून गेली. पण कधी सासू आजारी, कधी सुगी लांबलेली, आणि थंड्या एकामागून एक निघून गेल्या. दुसऱ्यांच्या लेकींना बांगड्या भरताना कासारणीचा हात मध्येच थांबायचा. पोरी विचारायच्या, "काय झालं मावशी?" "काही नाही गं, बारीक आहे तुझा हात," असं म्हणून ती पुढची बांगडी उचलायची. तिला तेव्हा वेणूची इतकी आठवण आलेली असायची की डोळ्यांसमोरची बांगडी दिसेनाशी व्हायची.

एका थंडीत तांड्याची पहिली फेरी परत आली आणि तांड्याच्या नाईकानं वेणूचा निरोप आणला. वेणूला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायचा होता. निरोप असा होता, "आई, इथं बांगड्या भरणारं कुणी नाही. असतं तरी मी भरून घेतला नसता. माझा चुडा तुझ्याच हातून."

कासारणीनं तो निरोप नाईकाकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. शेवटी नाईक म्हणाला, "मावशी, एवढाच आहे. मनानं कसा वाढवू?"

तिनं त्याच दिवशी पेटी भरायला घेतली. वेणूसाठी हिरवा चुडा. वेणूच्या सासूसाठी सोनेरी वर्खाच्या राजवर्खी बांगड्या. जावांसाठी, नणंदांसाठी, शेजारणींसाठी निरनिराळ्या. प्रत्येक थरात भाताचं मऊ काड, वर कापूस, मग पुढचा थर. झाकण मिटेना एवढी पेटी भरली, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

डोंगराच्या पायथ्याशी तांड्याची कोठी होती. तिथं एक म्हातारा कोठीवाला बसायचा आणि निघणाऱ्या प्रत्येकाला प्रवासाची हमी देऊ करायचा. ही हमी काय होती, तेही सांगतो. निघणारा प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे काहीबाही कोठीत टाकायचा. कुणी धान्य, कुणी गूळ, कुणी आपला माल. वाटेत ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून मदत व्हायची. वेळ कुणावर येणार ते कुणालाच ठाऊक नसायचं, म्हणून सगळ्यांनी द्यायचं.

"बस बाई," कोठीवाला म्हणाला. "कुठवर जायचंय?"

"पार पलीकडं. लेकीकडं."

"वय झालंय. काही जुनं दुखणं?"

"थंडीत छाती भरते जराशी. त्यात काय सांगण्यासारखं?"

"आहे सांगण्यासारखं. ऐक. हम्या दोन आहेत. एक ओझ्याची. पेटी हरवली, फुटली, तर तिच्या मोलाचा माल पलीकडं मिळेल. तिला मूठभर बांगड्या पडतील. दुसरी जिवाची. तू वाटेत आजारी पडलीस तर एक बैल तुझा, औषधपाणी आमचं, आणि एक माणूस तुझ्यापाशी थांबेल. बरी झालीस की म्हणशील तिकडं नेऊन सोडेल, पुढं किंवा मागं."

"आणि तिला काय पडेल?"

म्हाताऱ्यानं पेटीकडं पाहिलं. "वाट लांबची, वय झालेलं, त्यात छातीचं दुखणं. अर्धी पेटी."

कासारीण उसळली. "अर्धी पेटी? खरं सांगितलं म्हणून जास्त घेता होय?"

"खरं सांगितलंस म्हणून उपयोगी पडेल," तो शांतपणे म्हणाला. "लपवलं असतंस तर कमी पडलं असतं, पण वर घाटात दुखणं निघालं की घेतलेली हमी फुकट गेली असती. आणखी एक. जे ठरवायचं ते इथं. तांडा हलला की हमी मिळत नाही."

कासारीण विचारात पडली. विचार जिवाचा नव्हता, पेटीचा होता. अर्धी पेटी घेऊन लेकीच्या सासरी जायचं? जावा एकमेकींकडं बघतील, सासू तोंडानं काही बोलणार नाही, पण वेणूला उभं आयुष्य टोमणा ऐकल्यासारखं वाटेल. आणि इतक्या वर्षांनी आई आली ती रिकाम्या हातानं, असं कुणी म्हटलेलं तिला खपणार नव्हतं.

"पेटीची हमी द्या," ती म्हणाली. "माझी नको. माझ्या जिवाला काय धाड भरलीय?"

कोठीवाल्यानं पुन्हा एकदा विचारलं. महाग वाटतंय हे खरं, पण कशाचं मोल आहे ते बघून महाग-स्वस्त ठरव, असंही म्हणाला. कासारणीनं मूठभर बांगड्या मोजून त्याच्यापुढं ठेवल्या आणि झाकण लावलं. आयांचं हे असंच असतं. लेकराला द्यायच्या वस्तूला फुलासारखं जपतील, आणि ती देणारा हात मात्र कुठंही आपटू देतील.

तांडा निघाला. पहिले काही दिवस कासारीण सगळ्यांच्या पुढं होती. चालताना मनात वेणूशी बोलणं चालू होतं. आधी हात बघू दे. किती गं खरखरीत झाला. अंगठा सैल सोड. मग घाटाची चढण सुरू झाली, वरचं बोचरं वारं लागलं आणि तिची छाती भरून आली. पहिल्यांदा नुसता खोकला होता. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत तिला पाऊल टाकवेना.

तांड्यातल्या एका गूळवाल्याचा पाय मुरगळला होता. त्याच्याकडं जिवाची हमी होती, म्हणून तो बैलावर बसून चालला होता आणि त्याच्या पायाला लेप लागत होता. कासारणीनं ते पाहिलं आणि नाईकाला बोलावलं.

"नाईक, मला घ्यायचीय आता हमी. अर्धी काय, सगळी पेटी घ्या. फक्त मला पलीकडं पोचवा."

नाईक खाली मान घालून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. "मावशी, आजारी पडल्यावर हमी देता आली असती तर आधी कुणीच घेतली नसती. मग कोठीत काय राहिलं असतं? त्या गूळवाल्याला तरी कुठून दिलं असतं? बैल आहेत तेवढे सगळे लागलेत. आणि पलीकडून भरलेला तांडा मला थंडी संपायच्या आत परत न्यायचाय. तुमच्यासाठी थांबता येत नाही."

घाटमाथ्यावर एक धनगर कुटुंब राहायचं. कासारणीला त्यांच्या स्वाधीन केलं. पेटीचं मात्र वेगळं होतं. पेटीची हमी होती. नाईकानं ती धडधाकट बैलावर चढवली, घट्ट बांधली, गारठ्यानं काच तडकू नये म्हणून वर घोंगडी टाकली. एक गडी खास तिच्याबरोबर चालू लागला. कासारीण धनगरांच्या झोपडीच्या दारात बसून बघत राहिली. उतरणीवर ती घोंगडी दिसेनाशी होईपर्यंत तिनं मान वळवली नाही. तिला वाटत होतं, त्या घोंगडीखाली आपण असायला हवं होतं.

धनगरीण मायाळू होती. ऊन पाणी द्यायची, छाती शेकायची, आलं उगाळून चाटवायची. कासारीण हळूहळू सावरली, पण पुढं एकटीनं जाण्याइतकी नाही. दिवसभर ती पलीकडच्या उतरणीकडं तोंड करून बसायची. आज पोचली असेल पेटी. आज वेणूनं उघडली असेल. आज सातवा लागला असेल. धनगरीण म्हणायची, "मावशी, आत या, वारं लागतंय." पण तिचा पाय निघत नसे. लेकीच्या इतक्या जवळ ती लग्नानंतर कधीच आली नव्हती, आणि पुढचं पाऊल तिच्या हातात नव्हतं.

तांडा परत आला. कासारीण उठून उभी राहिली.

"पेटी पोचली का?"

"पोचली मावशी. एकही बांगडी पिचली नव्हती."

"वेणूनं काय केलं?"

नाईक म्हणाला, "तिनं पेटीकडं बघितलंच नाही. बैलाच्या मागं बघत राहिली. मग पुढं जाऊन वाटेवर बघून आली. मला म्हणाली, आई मागून येतेय ना?"

"पुढं सांगा," कासारीण म्हणाली.

पुढचं नाईकानं तुटक तुटक सांगितलं. सातव्याचा दिवस आला. सासूनं चुडा भरायला घेतला, तिला जमेना. जावेला जमेना. कासारणीनं अंदाजानं घेतलेलं माप लहान पडलं होतं, आणि वेणूचे हातही त्या दिवसांत सुजलेले होते. शेवटी वेणूनं दात-ओठ आवळून स्वतःच चढवायला बघितलं. वाटभर न पिचलेल्या बांगड्या तिच्या मुठीपाशी एकेक करून पिचल्या.

"पिचल्या म्हणू नका, वाढवल्या म्हणा," कासारीण पुटपुटली. सवयीनं म्हणाली ती. पण आपल्या बोटांना असं लहान पडलेलं मापही आत नेता आलं असतं, हे तिला ठाऊक होतं आणि तेच तिला सोसवेना.

नाईकानं कनवटीचा एक दोरा काढून तिच्या हातावर ठेवला. दोऱ्याची टोकं गाठ मारून जोडली होती. "वेणूनं दिलाय. म्हणाली, हे माझ्या हाताचं माप. आईला सांगा, पेटी नको, तूच ये."

त्याच तांड्याबरोबर घरी परतल्यावर कासारीण तो दोरा उशाशी ठेवून झोपायची. वर्ष कधी नव्हे इतकं लांबलं. पुढची थंडी आली, तशी ती पहिल्याच फेरीला कोठीवर जाऊन बसली. पेटी आणली होती, पण झाकण उघडून ठेवलं होतं.

"आधी जिवाची," ती म्हणाली. "छाती भरते थंडीत. गेल्या साली घाटमाथ्यावर आडवी झाले होते. तेही धरा. काय पडेल ते काढून घ्या. उरलं तर पेटीचं बघू."

म्हाताऱ्यानं अर्धी पेटी आणि वर थोडं, एवढं काढून घेतलं. पेटीच्या हमीसाठी ती थांबलीच नाही.

त्या खेपेला तिला साधी शिंकही आली नाही. पलीकडं उतरल्यावर नाईकानं तिची चेष्टा केली, "मावशी, तुमची अर्धी पेटी वाया गेली की."

"जाऊ दे," ती म्हणाली. "वाटभर पोचेन की नाही, ही धाकधूक तर नव्हती. त्याचंच मोल दिलं मी."

वेणू दारातच उभी होती. कडेवर एक मुलगी होती, नुकती रांगायला लागलेली. मायलेकींनी एकमेकींना घट्ट धरलं. अर्ध्या पेटीबद्दल सासूनं चकार शब्द काढला नाही. तिनं पेटीकडं पाहिलंही नव्हतं. विहीणबाईंना आधी पाणी द्या, एवढंच ती सुनांना सांगत होती.

कासारणीनं लेकीचा हात हातात घेतला. दोऱ्याच्या मापानं तिनं एक हिरवा चुडा जपून आणला होता. अंगठा दाबायचीही गरज पडली नाही. बांगडी सरळ आत गेली आणि मनगटावरून घरंगळून पुन्हा बाहेर आली.

"आई, ते माप तेव्हाचं होतं," वेणू हळूच म्हणाली. "तेव्हा हात सुजले होते."

कासारणीनं पेटीतून लहान मापाच्या बांगड्या काढल्या आणि लेकीचे दोन्ही हात भरले. त्या अगदी नीट बसल्या. तिनं नातीच्या चिमुकल्या हातातही दोन चढवल्या, आणि नात त्या वाजवत घरभर रांगली. सैल पडलेला हिरवा चुडा मात्र तिनं काडात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवून दिला, कारण तो ज्या दिवसासाठी होता तो दिवस कुठल्याच हमीत परत मिळणार नव्हता.

तात्पर्य: वस्तू पुन्हा घेता येते, माणूस आणि त्याची वेळ पुन्हा मिळत नाही, म्हणून प्रवासाला निघताना आधी जिवाची हमी घ्यावी, मग ओझ्याची.