मंतरलेल्या तेलाची समई

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे मुकाट्याने ऐकून घेत, एक विद्यापीठ होते. तिथली परीक्षा अशी: विद्यार्थ्याने विझलेल्या समईपुढे बसावे आणि प्रश्नाचे उत्तर द्यावे. उत्तर खरे असले तर वात आपोआप पेटे आणि विद्यार्थ्याच्या खांद्यावर शाल पडे. नाही पेटली, तर पुन्हा अभ्यास.

राजा मनाचा हळवा. परीक्षेतून परतणारी रडवेली मुले त्याला बघवेनात. त्याने कालकेतू जादूगाराकडून मंतरलेले तेल आणवले. कालकेतू म्हणाला, "महाराज, या तेलाने समई प्रत्येकासाठी पेटेल. पण कोणाला काय येते, ते कोणालाच कळणार नाही. ज्याचे त्यालासुद्धा." राजाने पहिले वाक्य ऐकले आणि तेवढ्यावरच तो खूश झाला. राजेलोकांचे कान असेच असतात.

मग काय, राज्यात शालींचा सुकाळ झाला. हेमांगद नावाच्या विद्यार्थ्यालाही शाल मिळाली आणि पाठोपाठ राजवैद्याचे पद. तोच युवराज तापाने फणफणला.

हेमांगदापुढे दोन मुळ्या होत्या, एक पांढरी, एक तांबडी. एक ताप उतरवणारी, दुसरी प्राण घेणारी. एवढे त्याला पक्के आठवत होते. कोणती कुठली, ते आठवत नव्हते. की आठवत होते? डोक्यात नुसता गोंधळ. दरबारातल्या वैद्यांना विचारले, तर निम्मे पांढरी म्हणाले, निम्मे तांबडी, आणि सगळे अगदी ठामपणे. वृद्ध आचार्य सुधन्वांची शाल मंतरलेल्या तेलाच्या आधीची होती. पण त्या तेलाचा शाप त्यांनाही लागला होता. तेही कपाळ चोळत बसले.

हेमांगद समईकडे धावला. तिथे भारद्वाज पक्षी राखणीला होता.

"तीनदा विचारीन," भारद्वाज म्हणाला. "युवराजाला कोणती मुळी?"

"पांढरी."

समई पेटली. हेमांगदाचा जीव भांड्यात पडला. भारद्वाजाने पंखाने वात विझवली.

"कोणती?"

हेमांगद चाचरला. "तांबडी."

समई तितकीच लख्ख पेटली. पक्ष्याने पुन्हा विझवली.

"यातले खरे कोणते, वैद्यराज?"

काहीही म्हटले असते तरी चालले असते. पण हेमांगदाला युवराजाचा तापलेला हात आठवला. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज अधिक.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

ते तेल आल्यापासून असे उत्तर कोणी दिलेच नव्हते. तेल फसफसले आणि काळा धूर होऊन निघून गेले. राज्यभर खांद्यांवरच्या शाली घसरल्या. दरबारात सुधन्वांची तेवढी जागेवर राहिली. ते उठले, तांबडी मुळी उगाळली, युवराजाला चाटवली. ताप उतरला. राजाने तेलाचा बुधला आपल्या हातांनी फोडला.

हेमांगदाने पद सोडले आणि तो पहिल्या वर्गातल्या मुलांत मांडी घालून बसला. पुढल्या परीक्षेला समई पेटली नाही. त्याच्या पुढल्या परीक्षेलाही नाही. मग एकदा, उत्तर देता देता, वात हळूच उजळली.

हेमांगद तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा विश्वास बसेना.

"भारद्वाजा, तेल कुठले?"

"साधे, तिळाचे."

तेव्हा कुठे हेमांगदाला रडू आले.