चौकातला मोर

एका सायकलला धक्का लागला आणि ओळीतल्या बारा सायकली धडाधड कोसळल्या, तो आवाज महिपतीने लहानपणी ऐकला होता. म्हणूनच चौकात पालिकेने लोखंडी मोराचं सायकल स्टँड बसवलं, तेव्हा शेजारी पंक्चर काढणाऱ्या महिपतीला बरं वाटलं. पिसाऱ्याच्या दोन पिसांमध्ये चाक अडकवलं की सायकल हलत नसे.

पण महिनाभरात पंक्चरचं काम दुप्पट झालं आणि गिऱ्हाइकं संशयाने त्याच्या हातांकडे बघू लागली. एक दिवस मोराचा आराखडा काढणारे रणदिवेसाहेब स्वतः आले.

"खिळे तूच टाकतोस ना, म्हाताऱ्या? उद्या तुझी टपरी उचलतो."

महिपतीने हातातलं चाक सावकाश फिरवलं. "साहेब, खिळ्याचं भोक टायरच्या तळाला पडतं. ही सगळी भोकं कडेला आहेत. रस्त्यावरचा खिळा उडी मारून कडेला चढतो का?"

"मग कोण करतं हे?"

त्याने चाक स्टँडमध्ये सरकवलं. एका पिसाचं टोक बरोबर भोकात शिरलं.

"उचलायचंच असेल तर ह्याला उचला, साहेब. पंक्चर करतो हा, मी नुसतं काढतो."

रणदिवेसाहेबांनी पीस पाहिलं, चाक पाहिलं, आणि ते निघून गेले.